आठवणीची गांठ

कॅनडांतील विनिपेग, एडमंटन किंवा यलोनाइफ या शहरीं हिवाळ्यांत कोणी नवखा मनुष्य गेला, तर तेथील मोटारींकडे पाहून त्याला प्रथम नवल वाटतें. कित्येक मोटारींच्या तोंडांतून विजेची एक आंखूड दोरी लोंबत असते आणि तिच्या टोंकाला प्लग असतो. कचेऱ्यांच्या व बिऱ्हाडांच्या आवारांत, गाड्या उभ्या करण्याच्या जागीं, ओळीनें खुंट रोवलेले असून त्यांवर प्लग लावण्याची सोय केलेली असते. पूर्वीं घोडे खुंटाला बांधीत. तेथें मोटारी बांधतात, असें म्हणावयास हरकत नाहीं. बांधलेला घोडा न सोडतां टांच मारणारा स्वार जसा फजीत पावावयाचा, तसाच ही दोरी न काढतां मोटार हांकणाराहि फजीत पावतो. ही फजिती कशी होते, तींत धोका कोणता आणि ती टाळावी कशी, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ही दोरी कशासाठीं, तें पाहूं. विनिपेग येथें जानेवारी महिन्याचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १६ अंश सेंटिग्रेड असतें, आणि कडाक्याच्या रात्रीं तें शून्याखालीं ३० अंशांच्याहि पलीकडे उतरतें. अशा थंडींत इंजिनांतील वंगण काकवीसारखें घट्ट होतें व यंत्र फिरविण्यास अधिक बळ लागतें. उलट बॅटरीचें बळ, शून्याखालीं १८ अंशांवरच, निम्म्याच्या आसपास येऊन ठेपतें. म्हणजे काम वाढतें त्याच वेळीं कामकरी थकतो. यावर उपाय म्हणून इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यांत, जेथें इंजिन थंड राखणारें न गोठणारें पाणी खेळतें तेथें, विजेनें तापणारी एक लहानशी कांब बसवितात. हाच ब्लॉक हीटर. त्याची शक्ति साधारणतः ४०० ते १००० वॅट असते. तापलेलें पाणी वर चढतें, गार पाणी खालीं येतें, आणि कांहीं तासांत सबंध ठोकळा कोमट होतो. मग सकाळीं किल्ली फिरवितांच इंजिन विनातक्रार सुरू होतें.

ही सोय होण्यापूर्वीं उत्तरेकडील लोकांनीं पुष्कळ हाल काढले. त्या मुलुखांतील वैमानिक तर संध्याकाळीं इंजिनांतील तेल काढून घेत व सकाळीं तें चुलीवर गरम करून पुन्हां ओतीत. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा संस्थानांतील ग्रँड फोर्क्स गांवच्या अँड्र्यू फ्रीमन यांनीं इंजिनाच्या माथ्यावरील एका बोल्टाच्या जागीं विजेचा तापक बसविण्याची युक्ति काढली, आणि १९४९ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. रात्रभर हीटर चालू ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. निघण्यापूर्वीं सुमारें दोन तास तो चालला म्हणजे पुरे, आणि त्यासाठीं वेळेवर वीज सुरू करणारें घड्याळ जोडावें, असा कॅनडा सरकारचा सल्ला आहे. शून्याखालीं २० अंशांवर या उपायानें इंधनाची शेंकडा १० पर्यंत बचत होऊं शकते, असेंहि तें सरकार सांगतें.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु घड्याळ वीज सुरू करील, वीज बंदहि करील. प्लग कांहीं तें काढणार नाहीं. तें काम माणसाचें, आणि माणूस विसरतो.

तो कां विसरतो, हें समजण्यासारखें आहे. मोटार हांकणें ही संवयीची क्रिया आहे. दार उघडावें, बसावें, किल्ली फिरवावी, निघावें, ही सांखळी वर्षानुवर्षें घोटलेली असते व तींत प्लग काढण्याची कडी नसते. पुण्याहून किंवा नागपुराहून तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील कर्त्या पुरुषानें वा गृहिणीनें वीस वर्षें मोटार हांकलेली असली, तर तिची ती संवय अधिकच पक्की. आणि जितकी संवय पक्की तितकी नवी कडी तींतून निसटण्याचा संभव अधिक. शिवाय प्लग असतो गाडीच्या तोंडाशीं आणि बसावयाचें असतें बाजूच्या दारानें. बाहेर अंधार, बोटें बधिर करणारी थंडी, कामावर जाण्याची घाई. सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, हीटरनें आपलें काम चोख बजावलें म्हणूनच त्याचा विसर पडतो. थंड इंजिन कण्हतें, कुंथतें व आपल्याकडे लक्ष वेधतें; उबदार इंजिन निमूटपणें चालूं लागतें, आणि मग आठवण करून देणारें कोणीच उरत नाहीं.

पुष्कळदां या विसराचें फळ सौम्य असतें: ताण बसतांच प्लग निसटतो. परंतु दर वेळीं दैव इतकें दयाळू नसतें. कधीं भिंतीवरील जोडणी उखडते. कधीं दोरी मध्येंच तुटून वीज चालू असलेलें उघडें टोंक ओल्या बर्फांत पडतें, आणि त्या अंगणांत थोड्याच वेळानें शाळेला निघालेलें मूल येणार असतें. तुटलेली दोरी गाडीमागें फरफटत चाकांत गुंतण्याचेंहि भय असतें. आणखी एक हानि डोळ्यांना दिसत नाहीं. हिसक्यानें दोरी हीटरपाशीं आंतून तुटते. बाहेरून ती शाबूत दिसते. संध्याकाळीं प्लग नित्याप्रमाणें लावला जातो. आणि सकाळीं, उणें पस्तीस अंशांत, कोणी आजारी माणसाला इस्पितळांत न्यावयाचें असतां, इंजिन जागचें हलत नाहीं.

म्हणून अशी ओढाताण झाल्यास तुटक्या तारेला हात लावण्यापूर्वीं घरांतील मुख्य खटक्यावरून त्या जोडणीची वीज बंद करावी, चिरलेली दोरी चिकटपट्टीनें गुंडाळून न वापरतां टाकून द्यावी, आणि हीटर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा.

तथापि मूळ प्रश्न विसर टाळण्याचा आहे. आपल्याकडील बायका आठवणीसाठीं पदराला गांठ मारतात. त्यांतील शहाणपण असें कीं, आठवण मनावर न सोंपवितां ती डोळ्यांना व हातांना लागेल अशा जागीं ठेवावयाची. मोटारवाल्यानेंहि नेमकें हेंच करावें. दोरीचा एक वेढा हांकणाऱ्याच्या बाजूच्या आरशावर किंवा दाराच्या मुठीवर द्यावा, म्हणजे दार उघडणारा हात तिला अडखळलाच पाहिजे. दोरी नारिंगी किंवा पिंवळी, बर्फावर उठून दिसणारी घ्यावी. दोरी आरशापर्यंत पोंचत नसेल, तर संध्याकाळीं प्लग लावतांनाच सुकाणूच्या चक्राला लाल कापडाचा तुकडा बांधावा, आणि प्लग काढल्यावांचून तो सोडूं नये. गांठ मारावयाची ती रात्रीं, कारण रात्रीं प्लग हातांत असतो. सकाळीं तो हातांत नसतो आणि मनांतहि नसतो. जेथें एकाच गाडीवर घरांतील दोघे बसतात, तेथें तर ही खूण अधिकच अवश्य. लावणारा एक व हांकणारा दुसरा असला कीं, विसरण्याजोगी आठवणसुद्धां दुसऱ्याजवळ नसते.

हा उपाय कोणास पोरकट वाटत असेल, तर त्यानें १९३५ सालची एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील राइट फील्ड या विमानतळावरून बोइंग कंपनीचें एक नवें, मोठें, चार इंजिनांचें विमान परीक्षेसाठीं उडालें. जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें शेंपटाचे पडदे हलूं नयेत म्हणून त्यांना एक अडसर घालीत. तो काढावयाचा राहून गेला होता. विमान उभें चढलें, कोसळलें व पेटलें, आणि दोघे वैमानिक प्राणांस मुकले. तीं नवशिकीं माणसें नव्हतीं. अत्यंत अनुभवी होतीं. या अपघातानंतर ‘लक्ष द्या’ एवढें सांगून संबंधित लोक थांबले नाहींत. उड्डाणापूर्वीं एकेक गोष्ट वाचून पाहण्याची यादी त्यांनीं तयार केली, आणि ती पद्धति पुढें जगभर रूढ झाली. विमानाच्या आच्छादनांना ‘उड्डाणापूर्वीं काढा’ अशा लाल पट्ट्या आज लोंबतांना दिसतात, त्यांचें तत्त्व सुकाणूला बांधलेल्या लाल चिंधीचेंच आहे.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत याच्याहि पुढचें पाऊल पडलें आहे. वीज भरण्याची दोरी लावलेली असतां ती गाडी स्वतःच्या बळानें चालूं नये, अशी योजना यंत्रांतच केलेली असते. ब्लॉक हीटरच्या साध्या दोरीला असा पहारेकरी नाहीं; तेथें तो घरच्यांनींच नेमावयाचा. विसरणाऱ्याला निष्काळजी म्हणून बोल लावण्यानें प्लग निघत नाहीं. ज्याला आपण विसरूं असें वाटतच नाहीं, त्यानेंच गांठ अधिक घट्ट मारावी. कारण ज्याला विसराचें भय आहे, तो गाडीच्या तोंडाशीं एकदां वांकून पाहतोच.