"त्यांना सवय असते" म्हणण्याआधी

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा. आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. आपण ते इतकं सहज बोलून जातो की काय बोललो हे लक्षातही राहत नाही. वाक्य आहे, "त्यांना सवय असते."

थंडीत पुलाखाली कुणी झोपलेलं दिसलं, की "त्यांना सवय असते." डोक्यावर सिमेंटचं घमेलं घेऊन बाई चौथा मजला चढतेय, "त्यांना सवय असते." आपण त्या बाईशी एक शब्दही बोललेलो नसतो. तरी तिला आतून काय वाटतंय, याचा निकाल आपण दिलेला असतो.

मी बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याची. गेवराई तालुक्यातलं गाव. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. सहा महिने कोपीत राहायचं, रात्री-अपरात्री उठून गाडी भरायची. आणि हे सगळं ऐकल्यावर शहरातला माणूस काय म्हणतो? "कष्टाची हाडं आहेत, त्यांना एवढं जाणवत नाही."

हा समज फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या नेथन चीक आणि एल्डार शफीर यांनी यावरच संशोधन केलं. तोच वाईट प्रसंग गरिबावर आला आणि खात्यापित्या घरातल्या माणसावर आला, तर गरिबाला त्याचा त्रास कमी होतो असं लोक धरून चालतात. त्यांनी याला 'जाड कातडीचा समज' अशा अर्थाचं नाव दिलंय. म्हणजे ज्यानं आधीच जास्त सोसलंय, त्याचंच दुःख आपण कमी मोजतो. आहे की नाही उलटा हिशोब?

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातला एक अभ्यास आला. गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं दिली होती. काळ्या लोकांची कातडी जास्त जाड असते, हे त्यातलंच एक. निम्म्याच्या आसपास जणांना असलं किमान एक तरी खोटं विधान खरं वाटलं. आणि ज्यांना ती जास्त पटली, त्यांनी काळ्या रुग्णाचं दुखणंही कमी धरलं.

आता पुन्हा बीडला येऊ. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यामागं एकच कारण नाही. डोक्यावरची उचल, खाडा झाला की बुडणारे पैसे, फडावर ना संडास ना पाण्याची सोय, खासगी दवाखाने, हे सगळं आहेच. पण मला वाटतं, "या बायका कणखर असतात" हे आपलं कौतुकही त्यात आहे. कणखर म्हटलं, की दुखतंय का हे विचारायचं राहूनच जातं.

तुम्ही म्हणाल, आम्ही स्वतःला त्यांच्या जागी ठेवून विचार करतो की. चांगलंय. पण त्यानं अंदाज बरोबर येतोच असं नाही. २०१८ साली टाल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २५ प्रयोगांचा अभ्यास छापला. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं सांगितल्यावर लोकांचे अंदाज काही सुधारले नाहीत. नवरा-बायकोंचेही नाहीत. ज्यांना आधी सरळ विचारू दिलं, त्यांचे अंदाज सुधारले.

पण विचारायचं कसं? "बरं हाय का?" म्हटलं की "बरं हाय" असंच उत्तर येतं. बाजूला मुकादम उभा असतो, इकडं लेकरू स्पीकरवर ऐकत असतं. बाई दुसरं काय बोलणार? आमच्या गल्लीतली एक मावशी दर फोनला हेच म्हणायची. एकदा मी वेगळं विचारलं.

"मावशी, आज किती वाजता उठलीस?"

"दोनला. गाडी भरायची व्हती."

"मग झोपलीस कधी?"

"झोपलेच नाय आजून, पोरी."

त्यानंतर ती बोलतच राहिली. घरी आजीपाशी ठेवलेल्या लेकीचं सांगितलं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय थरथरतात, खाली बघायची अजून भीती वाटते, म्हणाली. पंधरा सीझन झालेत तिचे. म्हणजे हाताला सवय झालीय, पण भीती तेवढीच राहिलीय.

म्हणून नेमकं विचारा. काल काय जेवलात? पाठ कुठं दुखती? रातच्याला थंडी किती व्हती? आणि विचारल्यावर मधे बोलू नका. आणि व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवण्यापेक्षा फोन लावा. मायकल क्राउस या संशोधकानं २०१७ साली दाखवलं, की चेहरा न बघता फक्त आवाज ऐकला तर भावना जास्त नीट ओळखता येतात. चेहरा हसरा ठेवता येतो, पण आवाज तसा सांभाळता येत नाही.

तुमच्याही ओळखीत कुणी असेल ज्याच्याबद्दल घरात म्हणतात, "त्याला काही फरक पडत नाही." कारखान्यावरचा चुलता असेल, रात्रपाळीचा वॉचमन असेल, नाहीतर घरातली आईच असेल. या आठवड्यात त्यांना एक नेमका प्रश्न विचारा. उत्तर काय आलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगायची गरज नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.