ओळखीच्या यंत्रांना दार उघडे
(संगणक वर्गाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



संगणकाविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली. विषय अफाट आहे, म्हणून मी त्यातला एक दरवाजा तेवढा निवडला आहे.

१९८३ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून युनिक्स प्रणालीची ४.२ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात 'आर-लॉगिन' नावाची सोय होती. एका संगणकावर बसून दूरच्या संगणकावर काम करावयाचे, आणि तेही पासवर्ड न देता! दूरच्या संगणकात एक यादी असे. तीत ज्या यंत्राचे नाव, तेथून येणाऱ्यास त्याच्याच नावाचे खाते विनाचौकशी खुले. शिवाय प्रत्येकास 'डॉट-आरहोस्ट्स' नावाची आपली खासगी यादी करता येई. तेव्हा यंत्रे थोडी, माणसे परस्परांच्या ओळखीची. वाड्यात दिवसा कोणी कडी लावीत नसे, तसाच तो मामला.

परंतु येथे ओळख पटते ती यंत्राची, माणसाची नव्हे. पहिल्या यंत्रात चोर शिरला की दुसरे त्याला घरचाच समजते, आणि दुसऱ्यावर विसंबून तिसरे असतेच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला 'वर्म' इतर वाटांबरोबर याही वाटेने पसरला. सुमारे ६,००० संगणकांना त्याची बाधा झाली, असा तेव्हाचा अंदाज होता.

नवल असे, की खोटा पत्ता सांगून ओळखीचे यंत्र असल्याचे सोंग आणता येते, हे याच मॉरिसने १९८५ साली लेख लिहून दाखविले होते. १९९४ च्या नाताळच्या दिवशी तसेच घडले. सुटोमू शिमोमुरा हे सुरक्षेतले जाणकार. त्यांचाच संगणक फुटला. हल्लेखोराने विश्वासातल्या यंत्रावर अर्धवट विनंत्यांचा मारा करून त्याला मुके केले, जोडणीचे क्रमांक अगोदरच ताडले, त्याच्या नावाने बोलणी केली आणि यादीत केवळ दोन अधिक-चिन्हे लिहिली. अर्थ असा: कोठूनही या, कोणीही या.

पुढे १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' तयार केले. त्यात संभाषण गुप्त लिपीत चालते आणि माणसाची ओळख किल्लीने पटविता येते. सोय उत्तम, पण किल्लीला परवलीचे वाक्य घालण्याचा कंटाळा आपण करतोच. मीही केला. एका महाविद्यालयाचे काम पाहत असताना निकालांचा सर्व्हर आणि प्रयोगशाळेतले एक जुनाट यंत्र, दोहोंना मी एकच किल्ली ठेवली होती, आणि तिची नक्कल त्या जुनाट यंत्रातही पडून होती. काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची किल्लीसुद्धा निकालांच्या सर्व्हरवर आठ महिने तशीच चालू होती. मला ती दिसली, तीही भलतेच काही शोधताना! त्या रात्री बसून मी साऱ्या याद्या ओळीने वाचून काढल्या.

तुमच्या प्रयोगशाळेतील यादी शेवटची कोणी आणि केव्हा वाचली, एवढे आज घरी जाण्यापूर्वी आपल्या सरांना विचारा.