नागीण झाली, तर दिवस मोजा
(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)

 

आज मी नागीण या रोगाविषयी बोलणार आहे. बिळातली नागीण नव्हे, अंगावर उठते ती. तिचे नाव ऐकूनच माणूस घाबरतो. "नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडले, की माणूस दगावतो," असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून आधी माझ्या घरचीच गोष्ट सांगते.

माझे वडील सत्तरीच्या घरात होते. एके दिवशी त्यांच्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. कातडीवर काही दिसेना. सगळ्यांना वाटले, उसण भरली असेल. तीन दिवसांनी तिथे लाल चट्टा उठला. त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड आले. आई म्हणाली, "ही नागीण हाय. उतरवून घ्या." मग त्यांना एका जाणत्याकडे नेले. त्याने मंत्र म्हटला, गेरू फासला. आठ दिवस असेच गेले. मी तेव्हा परगावी परिचारिकेचे काम करीत होते. मला उगीच घोर नको, म्हणून कोणी कळवले नाही.

फोड वाळले, खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, "नागीण उतरली." पण दुखणे उतरले नाही. सदरा अंगाला लागला, तरी वडील कळवळत. रात्र रात्र बसून काढीत. कातडी तर बाहेरून चांगली दिसे. म्हणून लोक म्हणत, "म्हाताऱ्याला कण्हायची सवयच लागली." हे ऐकले की वडील गप्प होत. त्यांचे ते गप्प होणे मला अजून आठवते.

आता ही नागीण येते कोठून, ते पाहू.

बहुतेकांना लहानपणी कांजिण्या येतात. त्या बऱ्या होतात. पण त्यांचे विषाणू शरीरातून जात नाहीत. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अति बारीक रोगबीज. ते पाठीच्या कण्याजवळ, मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतात. वय झाले, मधुमेह झाला, मोठे आजारपण आले, की अंगातली रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. मग ते जागे होतात.

होप-सिम्पसन नावाचे एक डॉक्टर इंग्लंडमधल्या एका लहान गावी रोगी तपासत. त्यांनी सोळा वर्षे आपल्या रोग्यांची टिपणे ठेवली. त्यावरून १९६५ साली त्यांनी हा विचार मांडला. पुढे तो खरा ठरला.

मग तोंड आणि शेपटाचे काय? शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. पाटाला डावीकडे दंड फुटतात, उजवीकडेही फुटतात. डाव्या दंडाचे पाणी उजव्या वाफ्यात जात नाही. तसेच कण्यातून निघालेले मज्जातंतू डाव्या अंगाला वेगळे आणि उजव्या अंगाला वेगळे जातात. विषाणू बहुधा एकाच तंतूतून बाहेर येतात. म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला उठतो आणि अंगाच्या मध्यावर थांबतो. नागिणीचे तोंड शेपटाला भिडते आणि माणूस मरतो, ही भीती खोटी आहे. ती मनातून काढून टाका.

"पण मंत्राने बरे वाटते की!" असे कोणी म्हणेल. मंडळी, हे फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात. मंत्र म्हटला तरी वाळतात, न म्हटला तरी वाळतात. मी जाणत्याला दोष देत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे करतो. पण त्याच्या दारात आपले मोलाचे दिवस जातात.

कारण या विषाणूवर औषध आहे. त्याचे नाव असायक्लोव्हिर. मोठ्या माणसाला त्याच्या गोळ्या बहुधा दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत त्या सुरू झाल्या, तर फोड लवकर सुकतात आणि दुखणे लवकर हटते. तीन दिवस उलटले, तरी दवाखान्यात जाच. नुसते बसून राहू नका. गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

घरी काय करावे? फोड रोज स्वच्छ पाण्याने हळूच धुवा. फोडू नका, खाजवू नका. गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवा. आग कमी होते. सैल, मऊ, सुती कपडा घाला. शेण, चुना, रुईचा चीक, गेरू यांतले काहीही लावू नका. त्याने जखम चिघळते. अंघोळ बंद करू नका, जेवण तोडू नका.

फोडांतल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या आल्या नाहीत, त्याला कांजिण्या येऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवा. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांच्यापासून दूर राहा.

कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळा जाण्याची भीती असते. कानाजवळ फोड आले आणि तोंड वाकडे झाले, किंवा फोड सगळ्या अंगभर पसरले, तरी थांबू नका.

आता मागे राहणाऱ्या दुखण्याविषयी. नागिणीने तंतूला इजा होते. म्हणून कातडी बरी झाली, तरी आत जळत राहते. हे ढोंग नव्हे. साध्या गोळीने ते थांबले नाही, तर तंतूंच्या दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात. त्या थोड्या मात्रेने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. त्यांनी झापड येते. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना हात द्या. मनाने बंद करू नका.

माझ्या वडिलांना मी दहा महिन्यांनी अशाच गोळ्या सुरू करवल्या. काही आठवड्यांनी ते रात्री झोपू लागले. दुखणे पुरते गेले नाही, पण सोसण्याजोगे झाले. दहा महिने मात्र फुकट गेले.

पन्नाशीपुढच्या माणसांसाठी नागिणीची लसही आहे. भारतात ती २०२३ सालापासून मिळते. दोन वेळा टोचतात. ती महाग आहे. पण परवडत असेल, तर डॉक्टरांना विचारा.

शेवटी एकच सांगते. वडिलांना दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "पहिला फोड कधी उठला?" आई म्हणाली, "बाजाराच्या आदल्या दिवशी." पण कोणत्या बाजाराच्या? कोणालाच सांगता येईना. घरात तेव्हा लिहिणारे कोणी नव्हते.

तुम्ही आता लिहिता. घरात कोणाच्या अंगावर असे फोड दिसले, तर त्या दिवसाची तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. एक, दोन, तीन मोजा. तिसरा दिवस मावळायच्या आत दवाखान्याची पायरी चढा.