पेटीची साथ, मालिकेची चाल

'आभाळमाया', 'वादळवाट' लागली की आपण हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसायचो. त्या शीर्षकगीतांच्या चाली अशोक पत्की यांच्या. आधी ते सुमन कल्याणपूर यांच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करायचे. पुढे जाहिराती, मालिका केल्या. 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या बारामती-इंदापूरच्या गटांत शेळी, शिलाई मशीनसाठी आपण लगेच कर्ज देतो. एखाद्या ताईनं लेकीच्या कीबोर्डसाठी मागितलं, की "त्यानं पोट भरतं का?" असं विचारतो. साथ करणं हेही कष्टाचं, कमाईचं काम आहे. असा अर्ज आला तर आधी हप्ता मांडून बघूया, मगच हो-नाही ठरवूया.