सेकंदांचा अहर्गण



14 फेब्रुवारी 2009 च्या पहाटे 5 वाजून 1 मिनिट 30 सेकंदांनी, येथे मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलांच्या पाट्या उतरत असाव्यात अशा वेळी, युनिक्स पद्धतीच्या संगणकांतील घड्याळाने 1234567890 हा आकडा गाठला. जगात ठिकठिकाणी संगणकप्रेमी तो पाहण्यासाठी जमले होते. त्याआधी सप्टेंबर 2001 मध्ये शंभर कोटी सेकंदांची पूर्ती कोपनहेगन येथे मेजवानी करून साजरी झाली होती. आकड्यांना भुलणारी ही माणसे कित्येकांना पोरकट वाटतात. मला तसे वाटत नाही.

हे घड्याळ वार, तिथी, महिना काही जाणत नाही. 1 जानेवारी 1970 रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले असता, ग्रीनिचला जी मध्यरात्र झाली तेथपासून ते केवळ सेकंद मोजते. आपल्या ज्योतिर्विदांना ही रीत परकी नाही. कलियुगारंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येला ते अहर्गण म्हणत व तीवरून ग्रहांची स्थाने काढीत. पण ही संख्या फुगत जाते, गुणाकार जड होतात. म्हणून कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचताना 4016 दिवसांचे, म्हणजे सुमारे 11 वर्षांचे, चक्र योजिले. चक्रे निराळी मोजावयाची. अहर्गण लहानच राहतो. पंचांगकर्त्यांच्या किती पिढ्यांचे श्रम त्यांनी वाचविले!

युनिक्समध्ये मात्र संख्येसाठी 32 बिटांची, म्हणजे शून्य वा एक यांची 32 घरे असलेली, जागा रूढ झाली. एक घर धन-ऋण चिन्हात जाते. उरलेल्यांत 2147483647 हून मोठी संख्या मावत नाही. ती घटका 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी भरेल. पुढच्याच सेकंदाला, दुरुस्त न केलेले यंत्र 1901 चा डिसेंबर दाखवू लागेल. नव्या संगणकांत 64 घरे आहेत. चिंता आहे ती यंत्रांच्या पोटात बसवून विसरल्या गेलेल्या लहान संगणकांची.

2001 मध्ये आकडा नवाचा दहा अंकी झाला, तेव्हा केमेल व केनोड या कार्यक्रमांत पत्रांचा क्रम बिघडला. तेथे काळ अक्षरांप्रमाणे लावला जाई. त्यामुळे 1 ने सुरू होणारी नवी संख्या 9 ने सुरू होणाऱ्या जुन्या संख्येच्या आधी जाऊन बसली. आकड्यावर नजर ठेवणाऱ्यालाच असला दोष चटकन उमगतो.

दोनशे कोटींचा सेकंद 18 मे 2033 रोजी सकाळी 9 वाजून 3 मिनिटे 20 सेकंदांनी येईल. त्या दिवशी मेजवानीला जमणाऱ्यांच्या हाती दुरुस्तीसाठी पुरती पाच वर्षेही उरलेली नसतील.