चिंतेची भूक

रायपूरच्या तात्यापारा भागातील जुन्या मराठी घरांच्या स्वयंपाकघरांत दोन प्रांतांचे खाद्य एकाच फळीवर नांदते. चिवडा आणि शंकरपाळे यांच्या डब्यांशेजारी ठेठरी आणि खुरमी यांचा डबा असतो. मराठी घरांत ज्यांना हरतालिका आणि पोळा म्हणतात, त्या छत्तीसगडातील तीजा-पोरा सणांचे हे पदार्थ. ठेठरी बेसनाची व खारी, खुरमी कणकेची व गुळाची. दोन्ही तळलेल्या आणि दोन्ही टिकाऊ. सणाच्या दिवशी पाहुण्यांपुढे हे डबे उघडतात, तेव्हा घरात आनंद असतो.

परंतु हेच डबे कधी कधी रात्री अकरा वाजता, दिवा न लावता, उघडले जातात. निकालाची वाट पाहणारा मुलगा, नोकरीच्या धास्तीत असलेला गृहस्थ किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करून थकलेली सून, कोणीही असो, उभ्या उभ्याच खाऊ लागते. चव लागत नाही आणि हातही थांबत नाही. डबा अर्धा होतो, आणि पोटातील जडपणाबरोबर मनात लाज दाटून येते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून जेवण सोडले जाते. तिसऱ्या रात्री डबा पुन्हा उघडतो.

या वर्तनाला खादाडपणा म्हणणे सोपे आहे, पण ते यथार्थ नाही. खादाड मनुष्य अन्नात रस घेतो. येथे रसाचा मागमूसही नसतो. आकस्मिक भयाने माणसाची भूक मरते, हा सर्वांचा अनुभव आहे. दीर्घकाळ रेंगाळणारी चिंता मात्र पुष्कळांच्या बाबतीत याच्या उलट करते. अशा वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो आणि गोड व स्निग्ध पदार्थांची ओढ बळावते. तो घास घेतला की काही क्षण मन निवते. मन ही वाट लक्षात ठेवते आणि पुढच्या खेपेस चिंतेची चाहूल लागताच पाय आपोआप फळीकडे वळतात. याचा अर्थ एवढाच, की चिंतेने भुकेचा वेष घेतलेला असतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली अशा अनावर खाण्याचे वर्णन वैद्यकापुढे मांडले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 सालच्या आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. एखाद्या रात्री डबा उघडणे म्हणजे विकार नव्हे. थोड्या अवधीत फार मोठ्या प्रमाणात खाणे, त्या वेळी आपला ताबा सुटल्याची भावना होणे, त्याचा मनस्वी क्लेश होणे, आणि हे सारे आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने घडत राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे मानली जातात.

या चक्रातील सर्वांत फसवा दुवा दुसऱ्या दिवशीच्या प्रायश्चित्ताचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या 36 निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना जेमतेम निम्मा आहार मिळाला. त्यांची स्वप्ने, संभाषणे, वाचन, सारे अन्नाभोवती फिरू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांतील कित्येक जण पोट भरल्यानंतरही खातच राहिले. प्रयोगापूर्वी त्यांपैकी कोणी खादाड नव्हते. उपाशी ठेवलेले शरीर संधी मिळताच आपले येणे वसूल करते, हा त्यातील बोध. म्हणजे लाजेने सोडलेले जेवण पुढच्या रात्रीच्या आक्रमणाची तयारीच करून ठेवते.

मग अस्वस्थ मनाने अन्नाशी कोणते नाते ठेवावे? रायपूरच्याच इतिहासात या दृष्टीने विचार करण्याजोगे एक चरित्र आहे. माधवराव सप्रे हे मराठी घरात जन्मलेले आणि हिंदी पत्रकारितेच्या आद्य शिल्पकारांत गणले जाणारे गृहस्थ. 1900 साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. पुढे नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवीत असता 1908 साली त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. थोरल्या बंधूंच्या निकराच्या आग्रहापुढे त्यांचा निरुपाय झाला आणि क्षमापत्र देऊन ते सुटले. शरीर सुटले, पण मन सुटले नाही. देशबांधवांना तोंड कसे दाखवावे, या विचाराने ते जळत राहिले.

या अवस्थेत ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांकडे गेले. तेथे त्यांनी सुमारे वर्षभर मधुकरी मागून निर्वाह केला आणि ‘दासबोधा’ची पारायणे केली. सप्रे यांचा प्रश्न अतिखाण्याचा नव्हता, आणि त्यांचा मार्ग प्रत्येकाने जसाच्या तसा अनुसरावा असेही नाही. परंतु मधुकरीची रीत नीट पाहण्यासारखी आहे. तीत माणूस स्वतःला उपाशी ठेवत नाही. ठरल्या वेळी तो घराबाहेर पडतो, चालतो, चार दारांशी उभा राहतो, चार माणसांची मुखे पाहतो, आणि मिळेल ते उजेडात बसून खातो. अंधारातल्या डब्याजवळ ज्या ज्या गोष्टी नसतात, त्या साऱ्या येथे आहेत: वेळ, प्रकाश, हालचाल आणि माणसे. आणि मनाची जी खरी मागणी होती, ती पोटाकडे न पाठवता अभ्यासाकडे नेली गेली. त्या अभ्यासातूनच पुढे ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद झाला. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’लाही सप्रे यांनीच हिंदी रूप दिले. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचार मधुकरी मागितलेल्या या गृहस्थाला केवळ पुस्तकी वाटला नसेल.

आजचे उपचारशास्त्रही याच मध्यममार्गाकडे बोट दाखवते. अनावर खाण्यावरील मानसोपचाराची पहिली पायरी आहारबंदीची नसून नियमित आहाराची असते. दिवसात तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून अधिक अंतर नाही, आणि आदल्या रात्री काहीही घडले असले तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही, असा हा क्रम. छत्तीसगडचा शेतकरी रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी बासी म्हणून कांद्या-चटणीबरोबर खातो आणि शेताकडे निघतो. पोटाला त्याच्या वेळी त्याचा वाटा देण्याचे हे साधे शहाणपण शहरातील चिंताग्रस्त मनुष्य विसरलेला असतो.

दुसरी पायरी म्हणजे चिंतेला तिच्या नावाने ओळखणे. फळीकडे हात जाण्यापूर्वी ‘ही भूक आहे की भीती?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. पोटाची भूक हळूहळू चढते आणि भाकरीनेही शमते. भीतीची भूक एकाएकी येते आणि एखाद्याच पदार्थाचा हट्ट धरते. भीती असल्यास ती कशाची, हे कागदावर दोन ओळींत लिहावे. पंधरा मिनिटे दुसरे काही करावे: दीर्घ श्वास घ्यावा, अंगणात चालावे, जागे असलेल्या माणसाशी बोलावे. अनावर वाटणारी ओढ लाटेसारखी असते. ती चढते, तशी ओसरतेही. एखाद्या रात्री ती ओसरली नाही, तर तो पराभव मानू नये. दुसऱ्या दिवशी वेळेवर जेवावे, इतकेच प्रायश्चित्त पुरे.

घरच्या माणसांवरही काही जबाबदारी येते. डब्याला कुलूप लावल्याने किंवा पंक्तीत टोमणा मारल्याने लाज वाढते, आणि लाज पुन्हा अंधाराकडे नेते. त्यापेक्षा ‘झोप येत नाही का?’ एवढे विचारणे अधिक उपयोगी पडते. प्रकरण हाताबाहेर जात असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. रायपूरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्याची सोय आहे. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो.

फळीवरचा डबा निर्दोष आहे. त्यातील ठेठरी पाहुण्यांसाठी, लेकरांसाठी आणि सणासाठी केलेली असते. तीजा-पोरा आला, की तो डबा सर्वांच्या मध्ये ठेवून दिवसाढवळ्या उघडावा, आणि ज्याने त्याला रात्री एकट्याने उघडले होते, त्याच्याही हातावर दोन ठेठऱ्या निःसंकोचपणे ठेवाव्यात.