ताटावरची वाटाघाट
(शाखेच्या कुटुंब मेळाव्यात सेक्रेटरींनी केलेले भाषण)



माझ्या तोंडून तुम्ही नेहमी पगार, पेन्शन, ड्यूटी रोस्टर हेच ऐकता. आज कुटुंबे समोर आहेत, म्हणून घरातल्या एका तंट्याबद्दल बोलतो. मूल नवीन पदार्थ पाहिला की तोंड फिरवते. आई घास घेऊन मागे धावते, बाप ओरडतो. शेवटी बिस्किटाचा पुडा फुटतो आणि तंटा उद्यावर जातो.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी सिकंदराबादला होतो. मुलगी चार वर्षांची. शेजारच्या तेलुगू बाईंनी गोंगुरा घातलेली डाळ पाठवली. गोंगुरा म्हणजे आपलीच अंबाडी. गावाकडे आम्ही ती ज्वारीच्या कण्या घालून खाल्लेली. पण मुलीने ती कधी पाहिली नव्हती. तिने तोंड घट्ट मिटले. मी रात्रपाळी करून आलेला. तिला एक चापट मारली आणि घास कोंबला. तिने तो ओकून टाकला. त्यानंतर कित्येक दिवस मी घरात असलो की ती जेवायला बसेना. आज पस्तीस वर्षे होत आली, पण ती चापट मी विसरलो नाही.

बंधूंनो, आपण संप का करतो? दुसरे काही हातात उरत नाही म्हणून. मुलाच्या हातातही तेवढेच असते, तोंड मिटणे. दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची भीती वाटणे हे स्वाभाविक आहे. त्यात हट्टीपणा कमी आणि सावधपणा जास्त असतो.

अमेरिकेत १९८२ साली लीन बर्च आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दोन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. नव्या पदार्थांपैकी कुठला दोनदा, कुठला पाच, दहा, पंधरा, तर कुठला वीस वेळा चाखायला दिला. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. आपण दोन-तीनदा देतो आणि "याला हे आवडतच नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. युनियनची कुठली मागणी पहिल्या बैठकीत मान्य झाली आहे? आपण ती पुन्हा पुन्हा टेबलावर ठेवतो. भाजीचेही तसेच आहे. दहा-पंधरा वेळा ठेवा, पण शांतपणे.

माझ्या पत्नीने तेच केले. वरणभात नेहमीचा, त्याच्या कडेला वाटाण्याएवढी गोंगुऱ्याची डाळ. खा म्हणायचे नाही, आम्ही मात्र तिच्यासमोर ती चवीने खायची. काही आठवड्यांनी मुलीने बोट बुडवून चाटले. पुढे ती आपणहून मागू लागली.

यातून मी एक कामाची वाटणी शिकलो. काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे, हे आईबापांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने. ताटात त्याच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असू द्या. भाजी निवडायला, शेंगा सोलायला त्याला जवळ बसवा. "भाजी संपव, मग चॉकलेट" असा सौदा करू नका. त्याने चॉकलेटचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा ठरते.

भूक लागायला पोट रिकामे हवे. जेवणाआधी तासभर बिस्किटे, कुरकुरे, दूध नको. वर्षावरील मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरे. त्याहून जास्त दुधाने पोट भरते आणि लोह कमी पडते. मुलांना चहा देऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लागते. ही बाब किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची १०० पैकी ६७ मुले रक्तक्षयाची निघाली. पालेभाजी, नाचणी, डाळ, अंडे यांना ताटात जागा मिळालीच पाहिजे.

लहानांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलटी होत असेल, मूल माती किंवा खडू खात असेल, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

शेवटी पुरुषांना सांगतो. हे काम फक्त बाईचे नाही. बाप कारल्याला नाक मुरडतो, तेव्हा मूल ते पाहत असते. आपल्यातला कुणी गाडीवर, कुणी आर.एम.एस.च्या रात्रपाळीत. रोज एकत्र जेवण जमत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच माणसासारख्या रोस्टरची मागणी आपण सोडणार नाही. पण ज्या दिवशी घरी असाल, त्या दिवशी मुलाशेजारी बसा, तेच अन्न खा आणि आवाज चढवू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!